पाटावरचा सेवासप्ताह

"काय इकायला आलीस?"

दार अर्धंच उघडलं होतं. त्या अर्ध्या दारातून आधी एक पळी दिसली, मग पळी धरलेला हात, आणि मग चंद्राक्का.

"विकायला नाही," मी म्हटलं. "मी सेवा करायला आलेय."

"कुणाची?"

"तुमची."

आक्कानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगात कॉलेजचा गणवेश, छातीवर स्नेहवर्धिनी मंडळाचा पिवळा बिल्ला आणि हातात घरून आणलेली कोरी केरसुणी, असा माझा अवतार होता.

"सेवा देवाची करत्यात, न्हाईतर मरायला टेकलेल्या माणसाची," आक्का म्हणाली. "मी ह्यातली कोण?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मंडळानं आम्हाला शिकवलं नव्हतं. मी केरसुणी ह्या हातातून त्या हातात घेतली.

आमच्या विट्यातलं हे स्नेहवर्धिनी मंडळ म्हणजे पाच-सहा निवृत्त शिक्षक, दोन डॉक्टर आणि बाजारपेठेतले काही दुकानदार. बैठक पोह्यांनी सुरू व्हायची, चहानं संपायची आणि मधल्या वेळात समाजाचं भलं व्हायचं. अध्यक्ष होते औषधाच्या दुकानाचे शेटेकाका. माणूस मनानं लोण्यासारखा, पण हातात कॅमेरा आला की त्यांना समोर माणसं दिसायची नाहीत, फक्त फोटो दिसायचे. मंडळ दरवर्षी बारावीच्या एका मुलाला किंवा मुलीला करुणा शिष्यवृत्ती द्यायचं. मार्क पाहायचे नाहीत, अंगातली दया पाहायची, असा नियम होता. आता दया पाहायची कशी, तर पूर्वी वक्तृत्व स्पर्धा घेऊन पाहायचे. पण आदल्या वर्षी करुणेवर बोलून साऱ्या सभागृहाला रडवणाऱ्या मुलानं बाहेर पडताना चप्पल सापडेना म्हणून शिपायावर हात उगारला. तेव्हा मंडळानं ठरवलं, यापुढे बोलून नाही, करून दाखवायचं. एकेका विद्यार्थ्यानं गावातल्या एकेका एकट्या राहणाऱ्या वृद्धाची आठवडाभर सेवा करायची. समारंभात त्या वृद्धानं व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलायचे आणि त्यावरून समितीनं निकाल लावायचा.

माझं नाव यादीत कसं गेलं, हाही एक विनोदच. पंधरा ऑगस्टला भर उन्हात आमचे कवायतीचे सर चक्कर येऊन पडले. सगळी मुलं सावधानमध्ये उभी होती, म्हणून हलली नाहीत. मी एकटी धावले, आणि मी निघाले होते माठाकडे पाणी प्यायला. सर वाटेत पडले. तेच पाणी त्यांच्या तोंडावर मारलं आणि संध्याकाळपर्यंत मी गावातली सर्वांत दयाळू मुलगी झाले.

पण शिष्यवृत्ती मात्र मला मनापासून हवी होती. मला मिरजेला जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांचा शब्द सरळ होता. "मंडळानं दिलं तर जा. न्हाईतर हितंच बी.ए. कर." त्यात राग नव्हता, पण दुसरी वाटही नव्हती. नावं यंदा दोनच होती. एक माझं आणि दुसरं निरंजन पतकीचं. तो पोस्टमनचा मुलगा. त्याला डिप्लोमा करायचा होता, आणि त्याच्याही घरी असंच काहीतरी बोलणं झालेलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. त्याच्या वाट्याला केळकर गुरुजी आले, माझ्या वाट्याला चंद्राक्का.

आक्काची स्टँडमागे खाणावळ होती. एसटीचे ड्रायव्हर, कंडक्टर, खेड्यांवरून शिकायला आलेली पोरं, बदलीवर आलेले कारकून असे सगळे तिच्या हातचं जेवून मोठे झालेले. पुढे तिचे गुडघे धरले. मुलगा इचलकरंजीला होता, त्यानं दोन वर्षांपूर्वी खाणावळ बंद करायला लावली. मोठी पातेली विकून टाकली, धुण्याला बाई लावली, बाजाराला शेजाऱ्याचा मुलगा लावला आणि आईला सांगितलं, "आता तू फक्त बस." मंडळाकडे तिचं नावही त्यानंच दिलं होतं.

"आलीच हायस तर आत ये," आक्का म्हणाली. "पण ती केरसुणी भाईर ठेव. माझ्या घरात काय केर दिसला तुला?"

खरंच दिसत नव्हता. मी हंड्याकडे पाहिलं, हंडा भरलेला. मी दिव्याच्या काचेकडे पाहिलं, काच लखलखीत. गुडघे धरलेली ही बाई भिंतीला हात लावत लावत घरभर फिरत होती आणि मी ज्या वस्तूकडे बघेन ती माझ्याआधी पुसत होती.

"जेवलीस का?"

"हो."

"काय?"

"चपाती आणि बटाट्याची भाजी."

"ते काय जेवाण हाय व्हय?" असं म्हणून तिनं पाट मांडला. पुढच्या अर्ध्या तासात भाकरी, आमटी, ठेचा आणि वर ताक असं सगळं माझ्या पोटात गेलं. ताट घासायला उचललं तर तिनं मनगटावर पळी मारली. जोरात नाही, पण लागेल इतकी. सेवेचा पहिला दिवस असा संपला.

दुसरा दिवस त्याहून वाईट गेला, कारण त्या दिवशी भरलं वांगं होतं.

तिकडे निरंजननं गुरुजींची नखं कापली, त्यांचं पेन्शनचं काम केलं, पुस्तकांना कव्हरं घातली, अशा बातम्या येत होत्या. मी घरी जाऊन आईला सांगायची, "आज कढी होती." आई कपाळाला हात लावायची. "अगं, सेवा करायला पाठवलंय तुला का माहेरपणाला?"

मग एका दुपारी शेटेकाका कॅमेरा घेऊन पाहणीला आले. मी पाटावर मांडी घालून बसले होते आणि आक्का एका हातानं कंबर धरून मला आमटी वाढत होती. शेटेकाकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला.

"विजू, हे उलटं चाललंय," ते हळूच म्हणाले.

"मला माहीत आहे, काका."

"आक्का, असं करा," त्यांनी आवाजात गोडवा आणला. "तुम्ही जरा पाटावर बसा. विजू वाढेल. एकच फोटो."

"माझ्या खाणावळीत मी कधी पाटावर बसली न्हाई," आक्का म्हणाली. "फोटूसाठी बसू? आणि तुमी हुबं का? ह्यो घ्या पाट."

"नको, नको, माझं आत्ताच जेवण..."

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. अध्यक्षांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली आणि जाताना फक्त आमटीच्या पातेल्याचा एक फोटो काढून नेला. दारात मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, मला तुझी काळजी वाटते. समितीपुढे आमटी ठेवता येत नाही. काहीतरी काम कर. निदान एक तरी."

ते प्रेमानंच म्हणाले, पण मला मिरज लांब लांब जाताना दिसायला लागली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी डाव टाकला. आक्का सकाळी गुडघ्यांना शेक देऊन मारुतीच्या देवळात जायची. तिला जायला-यायला वेळ लागायचा. ती कोपऱ्यावरून वळलेली पाहिली आणि मी मागच्या दारानं आत शिरले. आदल्या रात्रीची भांडी मोरीत होती, ती घासली. डाळ-तांदूळ निवडले. लसणाचा एक गड्डा होता तो सोलला. शेल्फावरचे डबे खाली घेऊन पुसले आणि ओळीनं लावले. घामाघूम झाले, पण जीव थंड झाला. आता बोलू दे काय बोलायचं ते, एक सोडून चार कामं झाली होती.

आक्का आली. दारातच थांबली. मोरीकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, सोललेल्या लसणाकडे पाहिलं. ती रागावेल, पळी शोधेल, असं मला वाटलं. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

"झालं सगळं?" तिनं विचारलं.

"हो, आक्का."

"लसूण बी?"

"हो."

जेवलीस का, हेसुद्धा विचारलं नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लसूण मी दुपारसाठी ठिवला हुता. डाळ चार वाजंसाठी. आता दिस मावळंस्तवर मी काय करू?"

इतके दिवस मला वाटत होतं, ही बाई हट्टी आहे. खरं तर तिच्यापाशी दिवसभराला पुरतील इतकी कामंच नव्हती. जी होती ती ती पुरवून पुरवून वापरत होती, आणि मी सकाळी सकाळी येऊन सगळी संपवून टाकली होती. मला रडू आलं. पण रडून तिचा दिवस जाणार नव्हता.

मी मोरीतलं एक पातेलं उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "आक्का, हे नीट निघालं का हो? मला बुडाशी तेलकट लागतंय."

तिनं पातेल्यात बोट फिरवलं. ते स्वच्छ होतं. मी चांगलं घासलं होतं. तिनं एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ह्याला घासलं म्हणत्यात?" ती म्हणाली. आवाजात जरा जीव आला. "आन ती सगळी. तुझ्या आयनं काय शिकवलं का न्हाई तुला? सासरला गेलीस तर दुसऱ्या दिशी परत पाठवत्याल."

सगळी भांडी तिनं परत घासली. घासताना माझ्या आईचा, कॉलेजचा आणि पिवळ्या बिल्ल्याचा यथेच्छ उद्धार केला. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. भांडी पालथी घालून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि मी म्हटलं, "आक्का, भूक लागली."

त्या दिवसापासून मी सेवेचा नाद सोडला. सेवेबरोबर मिरजही सुटणार, हे मला कळत होतं. त्या रात्री अण्णांनी विचारलं, "आज तरी केलंस काय?" आणि मी म्हटलं, "जेवले." अण्णा पंक्चर काढलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसले.

शेवटच्या दोन दिवसांत तर मी निरंजनलाच घेऊन गेले. तो रस्त्यात भेटला तेव्हा त्याचं तोंड सुकलं होतं. केळकर गुरुजी निसर्गोपचारवाले. स्वतः उकडलेला दुधीभोपळा खायचे आणि सेवेकऱ्यालाही तोच द्यायचे.

"मी येऊ? पण आपण तर स्पर्धक आहोत," निरंजन म्हणाला.

"आज मटकीची उसळ आहे," मी म्हटलं. स्पर्धेचा विषय तिथंच मिटला.

आक्कानं त्याला एकदाच विचारलं, "कुणाचा तू?" मग विचारणं बंद आणि वाढणं सुरू. तो जेवत असताना मी म्हटलं, "आक्का, भाकरी जरा करपली बरं का." निरंजनला ठसका लागला. आक्का ताडकन उठली. गुडघे धरलेली बाई ताडकन उठली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं नवी भाकरी थापली, फुगवून माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "आता खोट काढ हिच्यात."

समारंभ नगरवाचनालयाच्या सभागृहात झाला. अण्णा दुकान बंद करून आले होते, धुवून पांढरा केलेला सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. पहिल्यांदा केळकर गुरुजी बोलले. निरंजननं केलेली कामं त्यांनी बोटांवर मोजली, बोटं संपली तेव्हा पहिल्यापासून परत मोजली. टाळ्या पडल्या. निरंजन मान खाली घालून बसला होता.

मग आक्का. शेटेकाकांनी हात द्यायचा प्रयत्न केला, तो तिनं झटकला. माइकपाशी उभी राहून तिनं सभागृहावर नजर फिरवली. कुणाकुणाचं ताट रिकामं आहे ते बघतेय असं वाटलं.

"ह्या पोरीनं माझं एकबी काम केलं न्हाई," ती म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली. मी मागे पाहिलं. अण्णा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

"केर काढला न्हाई. पाणी भरलं न्हाई. येकदा भांडी घासली, ती मला परत घासाय लागली. रोज आली आन जेवून गेली. मागून मागून जेवली. वर म्हनती, भाकरी करपली."

आता लोक उघड हसत होते. शेटेकाकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला. मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं.

"दोन वर्सं झाली," आक्का म्हणाली. "ल्योक येतो, म्हनतो, आई बस. सून म्हनती, बसा. डाक्टर म्हनतो, बसा. तुमचं मंडळ बी मला बसवायलाच आलं हुतं. चांगलीच मानसं हाईत सगळी. पर बसून बसून मानूस कुठवर बसंल? ही येकटी पोरगी मला म्हनली, आक्का, वाढा."

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

"येवढंच," ती म्हणाली, आणि भिंत धरत खाली उतरली.

समितीची मोठी पंचाईत झाली. नियमाप्रमाणे वृद्धाच्या शब्दावरून निकाल लावायचा होता, आणि ही शिफारस समजायची की तक्रार, हेच कुणाला ठरवता येईना. पडद्यामागे पाऊण तास खलबत चाललं. मधे एकदा शेटेकाका बाहेर येऊन आक्काच्या कानाशी लागले, "आक्का, म्हणजे द्यायची की नाही?" आक्का म्हणाली, "मला काय इचारता? तिसरी भाकरी मागितली तवा कुणाला इचारलं हुतं?"

शेवटी आपल्याकडे जे होतं तेच झालं. निर्णय होईना म्हटल्यावर बक्षीस विभागून दिलं. अर्धं निरंजनला, अर्धं मला.

बाहेर अण्णा सायकल धरून उभे होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, वरूनच अंदाज घेतला.

"ह्यात फी आन राहणं भागंल," ते म्हणाले. "खायचं काय करायचं, विजू? मेसचं कसं भागवायचं?"

अर्धी मिरज हातात आली होती आणि अर्ध्या मिरजेला जाता येत नाही.

"मिरज गाडीवर सध्या कंडक्टर कोण हाय?" मागून आवाज आला. आक्का खांबाला टेकून उभी होती. "सदा असंल तर माझ्याच ताटावर वाढलाय त्यो. सकाळच्या गाडीनं डबा धाडीन. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत."

अण्णा कावरेबावरे झाले. "आक्का, तुमाला ह्या वयात कशाला तरास? आन फुकट कसं..."

अण्णा नको म्हणणार, हे मला दिसलं. आणि ते नको म्हणाले की आक्का परत जाऊन बसणार, हेही दिसलं. मी घाईघाईनं म्हटलं, "पण आक्का, मला आमटी तिखट लागते. आणि शिळी भाकरी चालणार नाही."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोर कुणाची? आक्काच्या तोंडावर मात्र उजेड पडला.

"बघा," ती अण्णांना म्हणाली. "हिची मिजास बघा."

"मग जोंधळा मी घालीन," अण्णा म्हणाले. "वर्साचा. निवडून आणून देतो."

"निवडून आनू नका!" आक्का केवढ्यानं तरी ओरडली. "निवडायचं माझं मी बघीन."

मी मिरजेला गेले. रोज दुपारच्या सुट्टीत स्टँडवर जायचं, सदामामांकडून डबा घ्यायचा, आणि संध्याकाळी रिकामा डबा देताना निरोप द्यायचा. निरोप ठरलेला असायचा. "मामा, आक्कांना सांगा, आमटीत मीठ कमी होतं." कधी भाजी कच्ची राहिली म्हणून सांगायची, कधी ठेचा मिळमिळीत होता म्हणून. सदामामा दुसऱ्या दिवशी आक्काच्या शिव्या जशाच्या तशा आणून द्यायचे, वर डबा जड झालेला असायचा. पुढे त्याच गाडीनं आणखी पोरांचे डबे जायला लागले, सांगलीला डिप्लोमा करणाऱ्या निरंजनचा वेगळ्या गाडीनं. आक्कानं नवी पातेली घेतली. मुलगा रागावला, मग जेवायला बसला आणि गप्प झाला.

मीठ कधीच कमी नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही.

कोर्स संपला, मिरजेतल्याच एका दवाखान्यात नोकरी लागली. नव्या कोऱ्या पांढऱ्या साडीत मी आधी आक्काकडे गेले. आक्काला झेपेना म्हणून डबे तोवर थांबले होते. आक्का खूप वाकली होती, हात थरथरत होते. तिनं पाट मांडला, त्याला फार वेळ लागला. मी बसले. तिनं आमटी वाढली. मी पहिला भुरका घेतला.

आमटीत मीठच नव्हतं. विसरली होती.

मी तिच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं आणि म्हटलं, "छान झालीय, आक्का."

आक्कानं पळी खाली ठेवली. माझ्या वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तीन वर्सं मीठ हुतं, तवा न्हाई म्हनलीस," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? रोज हसू यायचं. आन आज न्हाई, तर छान झाली म्हनतीस? नर्स झालीस म्हनून मला पेशंट केलीस व्हय गं?"

मी वाटी खाली ठेवली.

"आक्का," मी म्हटलं, "आमटीत मीठ नाही."

"हां," आक्का म्हणाली. "आता कसं!"

मिठाची बरणी पलीकडच्या फळीवर होती. आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत निघाली. मधे एकदा थांबली, दम घेतला. माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते. मी ते मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि पाटावरून उठले नाही.